पडदा, दांडी आणि अडनिडी खिडकी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. शाळेच्या पुस्तकात त्यांनाच जागा मिळते, आणि त्यात काही वावगेही नाही. पण माणसाचा बहुतेक जन्म लढाईत जात नाही, घरात जातो. त्या घराच्या भिंतीला खिडकी कधी पडली, त्या खिडकीला पडदा कोणी व कशासाठी लावला, हाही इतिहासच आहे. आज आपण खिडकीचा पडदा आणि तो ज्यावर सरकतो ती दांडी, या दोन लहानशा वस्तूंचा विचार करणार आहोत.

विषय किरकोळ वाटेल. पण धाडमध्ये किंवा आसपासच्या कोणत्याही गावात नुकतेच घर बांधलेल्या माणसाला विचारून पाहा. वास्तुशांत होते, सामान लागते, आणि मग ध्यानात येते की एका खिडकीच्या डोक्यावरच माळा आला आहे, दुसरी कोपऱ्याला चिकटली आहे आणि तिसरीची झडप आत उघडते ती नेमकी पडद्याला अडते. मग सुतार येतो, भिंतीला भोके पडतात, गिलावा निघतो आणि पडदा काही नीट सरकत नाही. असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण आपल्या घरांच्या इतिहासात आहे. आपल्या खिडक्या पडद्यासाठी बांधल्याच गेल्या नव्हत्या. खिडकी एका काळातली, पडदा दुसऱ्या काळातला आणि दांडी तिसऱ्या काळातली. या तिघांची गाठ एकाच भिंतीवर पडली, म्हणून ती भिंत आपल्याला अडनिडी वाटते.

प्रथम खिडकीकडे वळू. आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच अजिंठ्याची लेणी आहेत. धाडहून सकाळी निघालेला माणूस लेणी पाहून दिवेलागणीपर्यंत घरी परतू शकतो. तिथली नऊ, दहा, एकोणीस आणि सव्वीस या क्रमांकांची लेणी चैत्यगृहे आहेत. त्यांच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालासारखी मोठी कमान कोरलेली आहे. त्या कमानीतून येणारा उजेड आतल्या स्तूपावर पडावा अशी ती योजना. नऊ व दहा ही लेणी ख्रिस्तपूर्व काळातली, तर एकोणीस व सव्वीस ही पाचव्या शतकातली. तेव्हा कमानदार खिडकी साहेबाने आणली असे जे आपण समजतो ते खरे नाही. ती आपल्या शेजारच्या डोंगरात दोन हजार वर्षांपासून आहे. सोळा क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करवले. वाकाटकांच्या या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. वराहदेवाचा शिलालेख त्या लेण्यात आहे, आणि लेण्याची शोभा सांगताना त्यात गवाक्षांचा उल्लेख आला आहे. गवाक्ष याचा शब्दशः अर्थ बैलाचा डोळा. घराला डोळा असावा, ही कल्पना त्या शब्दातच आहे.

डोळा आला म्हणजे पापणीही आली. संस्कृतात पडद्याला तिरस्करिणी, जवनिका, यवनिका असे शब्द आहेत. तिरस्करिणी म्हणजे आड करणारी, झाकणारी. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयाचे वर्णन करताना गुहेच्या तोंडाशी लोंबणाऱ्या ढगांना पडद्याची उपमा दिली आहे. ज्या कवीने ढगाला पडदा म्हटले, त्याच्या ऐकणाऱ्यांच्या घरी दाराला पडदा लोंबत असला पाहिजे, एरवी उपमा कळणार कशी? मराठीतला ‘पडदा’ हा शब्द मात्र फारसीतून आला. ‘चिक’ आणि ‘कनात’ हेही मुसलमानी अंमलात रूढ झालेले शब्द आहेत. उलट ‘खिडकी’ हा शब्द आपल्याकडे जुना आहे, आणि त्याचा एक जुना अर्थ मोठ्या दरवाज्यातली लहान दिंडी असा आहे. म्हणजे खिडकी ही आधी जाण्यायेण्याची वाट होती, पाहण्याची जागा ती नंतर झाली.

आता डोंगरातून खाली गावात उतरू. अजिंठ्याला राजमंत्री गवाक्षे कोरवीत होता खरा, पण शेतकऱ्याच्या घराला पुढे कित्येक शतके नाव घेण्याजोगी खिडकी नव्हती. वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या सीमेवरची जुनी घरे आठवा. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडाचे सरे आणि मातीचे धाबे. उजेड यायचा तो दारातून, आणि धाब्याला धूर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून. त्याला कुठे सवणे म्हणतात, कुठे सानं. बाहेरच्या भिंतीत फार तर एक झरोका, आणि तोही हात पोचणार नाही इतका उंच. शहरातल्या वाड्यांची तऱ्हा निराळी नव्हती. रस्त्याकडे जाड आंधळी भिंत आणि सगळा उजेड आतल्या चौकातून.

हे अज्ञानामुळे घडले असे कोणी समजू नये. ऊन आणि थंडी या दोहोंनाही ही घरे उत्तम. आणि दुसरे कारण भीती. धाडच्या दक्षिणेला थोड्याच कोसांवर, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेची इंग्रज सेनापती वेलस्ली याच्याशी मोठी लढाई झाली. त्यानंतर १८१७-१८ पर्यंत पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी हा मुलूख हैराण केला. ज्या गावावरून फौजा जातात आणि टोळ्या येतात, त्या गावातला माणूस रस्त्याकडे खिडकी ठेवील कशाला? खिडकी म्हणजे घरातले धान्य, माणसे आणि दिवा परक्याला दाखवणे. तेव्हा आंधळी भिंत हे त्या काळचे शहाणपण होते.

अशा घरात खिडकीचा पडदा असण्याचा प्रश्नच नव्हता. पण पडदा मुळीच नव्हता असेही नाही. दोन पडदे आपल्याकडे फार जुने आहेत. एक देवाचा. नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्याच्या दाराला पडदा ओढतात, आणि नैवेद्य झाला की सारतात. गाभाऱ्याचे दार ठेंगणे, चौकट दगडाची, खिळा मारायला जागा नाही. म्हणून दोन दगडी कडांमध्ये आडवी काठी बसवून तीवर पडदा ओवलेला असे. अडनिड्या जागी पडदा लावण्याची ही आपली जुनी युक्ती. दुसरा पडदा लग्नातला अंतरपाट. त्याला दांडी नाही, खिळा नाही, दोन माणसे दोन टोके धरून उभी राहतात. केरळच्या कथकलीतही दोन माणसे पडदा धरून उभी राहतात आणि त्यामागून पात्र प्रकट होते. या दोन्ही पडद्यांत एक गोष्ट समान आहे. ते झाकण्यासाठी असतात, तसेच दूर होण्यासाठीही असतात. दूर न होणारा अंतरपाट कोणी पाहिला आहे काय?

तिसरा पडदा उन्हाळ्याचा. विदर्भाचा उन्हाळा आपणा सर्वांच्या परिचयाचा. दाराला तरटाचा पडदा लावायचा आणि त्यावर पाणी मारीत राहायचे, ही गरिबाची सोय. ज्यांना परवडे ते वाळ्याच्या ताट्या लावीत. ओल्या वाळ्यातून येणारा वारा थंड आणि सुगंधी. पुढे विजेचे कूलर आले, त्यांच्या बाजूंना गवताच्या जाळ्या बसवल्या गेल्या. ती या ताट्यांचीच पुढची पायरी आहे.

परंतु या सर्वांहून निराळा एक पडदा होता आणि त्याचा विचार केल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. तो म्हणजे गोषा. शेतात राबणाऱ्या बाईला गोषा परवडतच नव्हता. पण जहागीरदार, देशमुख आणि खानदानी म्हणवणाऱ्या घराण्यांत स्त्रीने परपुरुषाच्या दृष्टीस पडू नये असा दंडक होता. कीर्तन-पुराण ऐकायचे तर चिकाच्या आडून ऐकायचे. चिकाचा गुण असा की अंधारात बसलेल्याला बाहेरचे दिसते आणि उजेडातल्याला आतले दिसत नाही. आतल्या माणसाला पाहता येई हे खरे. पण चिक वर करावा की खाली सोडावा, हे ठरवण्याचा अधिकार आतल्या बाईला नसे.

या पडद्याआडून एक आवाज आपल्याच जिल्ह्यातून उठला. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. १८८२ साली ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यात छापवून प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवरील खटल्याचे निमित्त झाले, आणि सारा दोष स्त्रीच्याच माथी का मारता, असा रोकडा सवाल त्यांनी पुरुषांना केला. आपण मराठमोळ्याच्या चालीरीतींत घरातच कोंडलेली बाई आहोत, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आहे. लोकांनी टीका केली, तेव्हा महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. माळशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. आज जगभरचे अभ्यासक ते वाचतात. श्रोतेहो, पडद्याआड बसलेल्या माणसाला बाहेरचे किती स्वच्छ दिसत होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मग आंधळ्या भिंतीला खिडकी पडली कशी? १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. पेंढाऱ्यांचे भय आधीच सरले होते. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराला जाऊ लागला. कचेऱ्या, शाळा आणि डाकबंगले बांधले गेले. त्यांच्या खिडक्या उंच, कित्येकदा कमानीच्या आणि बाहेर पाहणाऱ्या. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून तो गावोगाव पसरला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या रोगाला घर करून देतात असे सरकार आणि डॉक्टर सांगू लागले. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो मुख्यतः या हवा-उजेडाच्या चिंतेतून. अशा रीतीने गेल्या शे-सव्वाशे वर्षांत आपल्या घरांना रस्त्याच्या बाजूने डोळे फुटले.

भीती गेली, पण संकोच राहिला. रस्त्याने जाणाऱ्याची नजर थेट माजघरात पोचू लागली. गोव्यात यावर एक सुरेख तोड निघाली होती. तिथे खिडकीला जनेल म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज. त्या जनेलांच्या लाकडी चौकटींत काचेऐवजी पातळ शिंपले बसवीत. दुधाळ उजेड आत येई, पण बाहेरच्याला आतले काही दिसत नसे. आपल्याकडे समुद्र नाही, शिंपले नाहीत. आपल्याकडे कापूस. म्हणून आपला पडदा कापडाचा झाला. १८७७ साली नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि मांजरपाटासारखे स्वस्त कापड हळूहळू गावोगाव पोचले. तरीही खेड्यातल्या बहुतेक घरांतला पहिला पडदा नवा नव्हता. तो घरातल्या आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्याचा होता. दोन खिळे, मध्ये सुतळी, आणि तीवर ते लुगडे.

सुतळीवरून दांडीपर्यंत यायला आणखी काही काळ जावा लागला. पडदा यंत्राने हलवण्याची कला मराठी माणसाने प्रथम घरात नाही, नाटकात पाहिली. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले, तेव्हा पडद्याचा थाट अगदी साधा होता. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले. पुढे संगीत नाटकांच्या कंपन्यांनी रंगवलेले पडदे आणले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे अशा पडद्यांसाठी नावाजले गेले. बांबूवर गुंडाळलेला पडदा दोरी आणि कप्पीच्या साहाय्याने वर जाई. कप्पी म्हणजे विहिरीवरच्या रहाटाचेच धाकटे भावंड. दोरी खाली ओढली की पडदा वर जातो, ही गंमत जत्रेत नाटक पाहायला गेलेल्या शेतकऱ्याला लगेच उमगली असणार.

घरगुती दांडीची प्रगती मात्र परदेशात झाली. न्यूयॉर्कचे सॅम्युएल स्कॉट्रन हे कृष्णवर्णीय अमेरिकन कारागीर. त्यांनी १८९२ साली पडद्याच्या दांडीचे पेटंट घेतले. आणखी काही वर्षांनी एकात एक सरकणारी, हवी तेवढी लांब करता येणारी दांडी निघाली. हल्ली जो पन्हाळीसारखा चॅनेल मिळतो, त्याची कथा वेगळी आहे. धातू तापवून, मऊ करून, साच्याच्या भोकातून दाबून बाहेर काढण्याची रीत अलेक्झांडर डिक याने १८९४ च्या सुमारास बसवली. आपल्या आयाबहिणी सोऱ्यातून कुरडया आणि शेवया काढतात, तीच ही रीत. सोऱ्याला जशी चकती लावावी तशी शेव निघते, त्याचप्रमाणे साच्याचे भोक जसे असेल तशी ॲल्युमिनियमची पट्टी निघते. भारतात ॲल्युमिनियम गाळण्याचे काम १९४३ साली केरळात सुरू झाले. पुढे हा हलका, न गंजणारा धातू स्वस्त झाला आणि तालुक्याच्या दुकानात चॅनेल टांगलेला दिसू लागला.

आता या तिन्ही काळांची गाठ आपल्या घरात कशी पडते ते पाहू. दुकानात तीन तऱ्हेचे सामान मिळते. पहिली स्प्रिंगची तार, प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली, दोन आकड्यांत ताणून बसवायची. ही सर्वांत स्वस्त. पण तीन-चार फुटांपलीकडे ती मध्ये झोळ धरते, म्हणून लहान खिडकीला आणि हलक्या कापडालाच ती ठीक. दुसरी दांडी, म्हणजे रॉड आणि रिंगा. दिसायला चांगली, मजबूत. पण खिडकी लांब असली की दांडीला मध्ये आधार द्यावा लागतो आणि रिंगा त्या आधारापाशी अडतात. अशा वेळी मध्ये दुभंगणारे दोन पडदे करावेत, म्हणजे प्रत्येक पडदा आपल्याच अर्ध्या भागात सरकतो. तिसरा चॅनेल. याच्या पोटातून लहान चाके किंवा गोट्या सरकतात, त्यामुळे आधार कितीही दिले तरी अडथळा येत नाही. तो छताला लावता येतो आणि वळवताही येतो.

जुन्या मातीच्या घराला खिडकी बहुधा मागाहून पाडलेली असते. भिंत दोन हातांची, खिडकी बाहेरच्या अंगाला, आणि आत खोल कोनाडा. गज बाहेर असल्याने झडपा आत उघडतात. इथे पडदा झडपेलगत लावला तर दोन्ही एकमेकांना अडतात. म्हणून आधी झडप पूर्ण उघडून पाहावी. ती कोनाड्याच्या बाजूला टेकून राहत असेल तर दांडी कोनाड्याच्या आतल्या कडेशी, दोन बाजूंच्या भिंतींमध्ये बसवावी. गाभाऱ्याच्या पडद्याची जी युक्ती मघाशी सांगितली, तीच ही. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, आज लावला तर उद्या मातीसकट हातात येतो. अशा भिंतीत लाकडाचा चांगला हातभर गट्टू पुरून घ्यावा, किंवा खिडकीच्या डोक्यावरच्या आडव्या लाकडाला एक फळी ठोकून दांडी त्या फळीवर बसवावी.

कमानदार खिडकी जुन्या शाळेत किंवा वाड्यात सापडते. तिथे दोन मार्ग आहेत. संपूर्ण अंधार हवा असेल तर कमानीच्या माथ्यावर सरळ दांडी लावावी. पण नुसता आडोसा हवा असेल तर कमान जिथून वळू लागते तिथे दांडी लावावी आणि वरचा अर्धचंद्र मोकळा सोडावा. नजर अडते, उजेड अडत नाही. अजिंठ्याच्या कारागिराने जो उजेड वरून आत घेतला तो आपण का घालवावा?

सिमेंटच्या नव्या घराच्या अडचणी निराळ्या. खिडकीच्या डोक्यावर लगेच माळा किंवा छत असेल तर दांडीच्या आधारांना जागा उरत नाही. तिथे चॅनेल वरच्या बाजूलाच लावावा. मात्र भोक पाडण्यापूर्वी विजेची नळी कुठून गेली आहे ते मिस्त्रीला विचारून घ्यावे. कोपऱ्यावरच्या खिडकीला चॅनेल काटकोनात मोडू नये, बैलगाडी वळवतो तसा ऐसपैस वळवावा, म्हणजे चाके अडकत नाहीत. एका बाजूला भिंत किंवा कपाट चिकटलेले असेल तर पडदा एकच करावा आणि तो मोकळ्या बाजूला सारावा. टिनपत्र्याच्या उतरत्या छताखालच्या खिडकीला उताराबरोबर तिरपी दांडी लावण्याचा मोह होतो. पण मग पडदा आपोआप खालच्या टोकाला घसरतो. दांडी समपातळीतच ठेवावी, वरचा तिरपा तुकडा उघडा राहिला तरी हरकत नाही.

माप घेताना एवढे लक्षात ठेवावे. खिडकी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण जुनी चौकट क्वचितच काटकोनात असते. दांडी चौकटीच्या चार बोटे वर आणि जागा असेल तिथे दोन्ही बाजूंना वीतभर लांब असावी, म्हणजे सारलेला पडदा भिंतीवर जातो आणि सगळी खिडकी मोकळी होते. कापडाचा पन्हा खिडकीच्या दीडपट ते दुप्पट घ्यावा. दांडी डोळ्यांच्या अंदाजाने लावू नये. गवंड्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, तिच्या दोन टोकांना पाणी एका पातळीत येते. त्यावरून खुणा कराव्यात. आणि घरात लहान मूल असेल तर ओढण्याच्या दोरीचा फास खाली लोंबत ठेवू नये. ती वर आकड्याला गुंडाळून ठेवावी, कारण अशा दोरीत मूल अडकण्याचा धोका असतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पूर्वी शाळेत जादूच्या कंदिलाने चित्रे दाखवीत, आज कित्येक खेड्यांतल्या शाळांत प्रोजेक्टर आला आहे. त्यासाठी वर्गात थोडा वेळ अंधार लागतो. पण तो तास संपला की तोच पडदा झटकन बाजूला झाला पाहिजे. कित्येक ठिकाणी काळे कापड खिळ्यांनी कायमचे ठोकून टाकलेले असते, आणि मग मुले भर दुपारी अंधारात वाचत बसतात. तसेच फळ्यावर उन्हाची तिरीप पडून शेवटच्या बाकावरच्या मुलाला अक्षर दिसत नाही, हाही नेहमीचा अनुभव. एका खिडकीला सरकता पडदा लावला तर तेवढ्याने ते मूल पुन्हा धड्यात येते. हे काम शाळेतल्या मुलांकडूनच करवून घ्यावे. मोजमाप, समपातळी, कप्पी आणि काटकोन, असे चार धडे त्यात सहज शिकवून होतात.

शेवटी मूळ मुद्द्याकडे येतो. आंधळ्या भिंतीच्या काळात माणूस सुरक्षित होता, पण अंधारात होता. गोषाच्या काळात पडदा होता, पण त्याची दोरी आतल्या माणसाच्या हाती नव्हती. आजच्या घरात खिडकी आहे, पडदा आहे, आणि दोरी घरातल्या बाईच्या, अभ्यास करणाऱ्या मुलीच्या, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याच्या हाती असू शकते. कोणाला किती दिसू द्यायचे आणि आपण किती उजेड घ्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. पण पडदा अडखळत असेल, आधाराला अटकत असेल, किंवा दांडी इतकी उंच असेल की घरातल्या मुलीचा हात पोचत नाही, तर तो पडदा हळूहळू कायमचा ओढलेला राहतो, आणि आपण नकळत पुन्हा आंधळ्या भिंतीच्या काळात जातो. म्हणून सुतार दांडी लावून गेला की एक परीक्षा घ्यावी. घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलाला बोलवावे आणि पडदा उघडायला सांगावे. त्याने एका हाताने सरकन उघडला आणि साऱ्या खोलीत ऊन आले, तर दांडी नीट बसली असे खुशाल समजावे.